दाभोळमार्गे आलेला मदरसा

बीदर म्हटले की मराठी माणसाला आधी दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी मोकळी केली आणि त्या धान्याची किंमत चुकती करायला खुद्द विठोबा विठू महाराच्या रूपात बेदरच्या पातशहापुढे जाऊन उभा राहिला, ही कथा महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. कथेतला पातशहा बहमनी घराण्यातला. त्याच घराण्याच्या दरबारात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक इराणी व्यापारी वजीर झाला. किल्ल्याकडून चौबारा या जुन्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने एक विद्यालय बांधले. ते ‘महमूद गावानचा मदरसा’ म्हणून आजही उभे आहे. उभे आहे म्हणजे जेमतेम अर्ध्याहून थोडे अधिक.

रस्त्यावरून पाहताना पहिली नजर जाते ती मिनारावर. उंची सुमारे १३१ फूट. अंगावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरशांचे नागमोडी पट्टे. बरेचसे उडालेले, काही अजून घट्ट. दर्शनी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला याचा जोडीदार होता, तो आता नाही. मधला भव्य दरवाजाही नाही. बाकी इमारत तीन मजली आहे, लांबी सुमारे २०५ फूट आणि रुंदी १८० फूट. मधोमध शंभर फुटांचा चौकोनी चौक आणि त्याभोवती कमानींच्या रांगा. समरकंद किंवा हेरातच्या चित्रांत दिसणारी ही वास्तू उदगीर, भालकीच्या पंचक्रोशीत कशी उगवली, या प्रश्नाचे उत्तर कोकण किनाऱ्यावर सापडते.

कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला गिलान नावाचा प्रांत आहे. तिथल्या गावान गावात १४११ च्या सुमारास महमूदचा जन्म झाला. घराणे मंत्र्यांचे. पण दरबारातले वारे फिरले, तसा त्याने देश सोडला आणि व्यापार पत्करला. १४५३ च्या सुमारास तो जहाजाने दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीच्या पुढे, बरोबर विकायचा माल. बीदरच्या शाह मुहिबुल्लाह या सूफी सत्पुरुषाची भेट घ्यावी आणि पुढे दिल्ली गाठावी, असा त्याचा बेत होता, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दिल्ली राहूनच गेली. सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने त्याला दरबारात ठेवून घेतले.

बीदरमध्ये तेव्हा इराणी माणूस नवलाचा नव्हता. अहमदशहा वलीने राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवल्यापासून किरमान, शिराझ, खुरासान इथून येणाऱ्यांची रीघ लागली होती. शाह मुहिबुल्लाहचे आजोबा म्हणजे किरमानचे प्रसिद्ध संत शाह निमतुल्लाह वली. त्यांचे पुत्र खलीलुल्लाह दख्खनमध्ये येऊन राहिले आणि इथेच वारले. अष्टूरच्या वाटेवरची त्यांची चौखंडी आणि शहरातला तख्त-ए-किरमानी हा चुनेगच्चीच्या नक्षीचा दरवाजा, या दोन्ही वास्तू मदरशाआधीच्या. कवी, खुशनवीस, गवंडी, घोडेवाले, शिपाई असे सगळ्या जातीचे कसबी लोक होर्मुझहून जहाजात बसत आणि दाभोळ, चौल, गोवा अशा बंदरांवर उतरत.

या वाहतुकीच्या मुळाशी घोडा होता. दख्खनच्या हवेत अरबी-इराणी घोड्यांची पैदास नीट होत नसे, त्यामुळे दरवर्षी नवे घोडे समुद्रावरून आणावे लागत. बहमनींना ते विजयनगरशी लढायला हवे असत, विजयनगरला बहमनींशी लढायला. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून निकितिन सुटला. पुढे बीदरला जाऊन त्याने तो घोडा विकला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याच्या रोजनिशीत ‘मलिक-उत-तुज्जार’ नावाचा एक बडा खुरासानी सरदार पुन्हा पुन्हा डोकावतो. त्याच्याकडे रोज पाचशे माणसे जेवायला असतात, असे निकितिन लिहितो. व्यापाऱ्यांचा राजा अशा अर्थाचा हा किताब हुमायूनशहाने महमूद गावानला दिला होता. असदखान त्याच्याच हाताखालचा. देश माणसांनी गजबजलेला आहे, खेड्यांतले लोक हलाखीत आहेत आणि सरदार मात्र थाटात राहतात, हेही निकितिनने नोंदवून ठेवले आहे.

हुमायूनशहा १४६१ मध्ये मेला. त्याचा मुलगा निजामशहा अगदीच लहान होता, म्हणून राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि गावान अशा तिघांनी कारभार पाहिला. १४६३ मध्ये दुसरा मुलगा तिसरा मुहम्मदशहा म्हणून गादीवर बसला. तीन वर्षांत ख्वाजा जहानचा खून झाला आणि राज्याचा मुख्य वजीर म्हणून गावान एकटा उरला. वजिरी आली तरी व्यापार सुटला नाही. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात त्याचे गुमास्ते दख्खनी कापड विकत असत, त्यांच्या नोंदी तिथल्या काझीच्या दफ्तरांत मिळतात. त्याची फारसी पत्रे ‘रियाझ-उल-इन्शा’ या संग्रहात जपली गेली आहेत. त्यांत गिलानच्या नातेवाइकांना, इराणच्या विद्वानांना आणि ऑटोमन सुलतानाला लिहिलेली पत्रे आहेत आणि कोकणातल्या लष्करी तळावरून लिहिलेलीही आहेत.

असा माणूस विद्यालय बांधायला निघाला, तर नमुना कुठला घेणार हे उघड होते. इस्लामी जगात वजिराने मदरसा बांधण्याची चाल जुनी. सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने १०६५ ते १०६७ या काळात बगदादमध्ये निजामिया मदरसा उभारला. अल-गझाली तिथे शिकवत असे. १२३४ मध्ये त्याच शहरात खलिफाने मुस्तन्सिरिया उघडला. दिल्लीत फिरोजशहा तुघलकाने १३५२ मध्ये हौज खासच्या काठावर मदरसा बांधला. या संस्थांना जमिनी, दुकाने, बाजार वक्फ म्हणून तोडून दिलेले असत. त्या उत्पन्नातून शिक्षकांचे पगार आणि विद्यार्थ्यांचे जेवणखाण भागत असे. कुराणाचे भाष्य, हदीस, धर्मशास्त्र, अरबी व्याकरण, तर्क, गणित, ज्योतिष हे मुख्य विषय. गुरू बसत, भोवती शिष्यांचे कोंडाळे, ग्रंथ ओळीओळीने वाचला जाई. अमुक ग्रंथ शिकवायला हा लायक आहे, असा दाखला गुरू स्वतःच्या नावाने देत. त्यामुळे कुठल्या मदरशात शिकला यापेक्षा कोणापाशी शिकला याला वजन असे आणि नामवंत गुरू मिळवण्यासाठी वजिरांची चढाओढ चाले.

गावानच्या पिढीत या वास्तूचा सर्वात ताजा घाट तैमूरी राज्यात घडत होता. उलुघ बेगने समरकंदमध्ये १४१७ ते १४२० च्या दरम्यान मदरसा बांधला. खुरासानात खर्गिर्द इथे शाहरुखचा वजीर पीर अहमद ख्वाफी याने १४४० च्या दशकात दुसरा उभारला. या घाटाचे व्याकरण ठरलेले आहे. मध्ये चौक, त्याच्या चारही बाजूंच्या मध्यावर उंच कमानीचा, पुढून उघडा असलेला ऐवान, ऐवानांच्या आजूबाजूला दोन-दोन मजली खोल्या, आणि दर्शनी बाजू फरशांनी मढवलेली. बीदरचा मदरसा याच घराण्यातला आहे. तज्ज्ञ त्याची तुलना खर्गिर्दशी करतात ती यामुळेच.

मात्र नक्कल म्हणून तो मोडीत काढता येत नाही. इराणी मदरसा रस्त्याकडे पाठ फिरवतो. बाहेरून बहुतेक कोऱ्या भिंती, सगळा उजेड चौकातून घ्यायचा. थंडी आणि धुळीच्या वादळांच्या मुलखात ते सोयीचे. बीदरच्या बांधणाऱ्यांनी बाहेरच्या भिंतींनाही तिन्ही मजल्यांवर कमानदार खिडक्या ठेवल्या. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या तीन बाजूंच्या मध्यावर त्यांनी अर्ध्या अष्टकोनाच्या आकाराचे भाग भिंतीबाहेर पुढे काढले आणि वर फुगीर घुमट बसवले. आत व्याख्यानाची दालने. त्यांची उंची इमारतीच्या पूर्ण उंचीइतकी, म्हणजे तीन मजल्यांना छेदून थेट घुमटापर्यंत. पठारावरचा वारा आणि उजेड दोन्हीकडून आत येतो. शिवाय मजले दोनाचे तीन झाले. जागा तेवढीच, पण खोल्या वाढल्या. इराणात ज्या ठिकाणी भाजलेली वीट असते, तिथे इथे दगड आणि चुना आहे. त्यावर रंगीत फरशांचे अंगरखे चढवले गेले.

फरशांचे काम फक्त शोभेचे नव्हते. दर्शनी भिंतीवर निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत कुराणातली वचने लिहिली आहेत, तीही इतकी मोठी की रस्त्यावरून वाचता यावीत. शहरातले बाकीचे बांधकाम लाल-तांबूस जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे. त्या रंगांत ही निळाई किल्ल्याच्या वाटेवरून येणाऱ्याला दुरून दिसत असणार. मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाची दालने, शिक्षकांची बिऱ्हाडे, विद्यार्थ्यांच्या खोल्या हे सगळे एकाच छपराखाली होते. ग्रंथसंग्रह ३,००० चा होता, असे सांगितले जाते. एकेक प्रत हाताने लिहिली जात असे, त्या काळात हा आकडा लहान नाही.

गुरूंसाठी गावानने थेट वरच्या दारांवर थाप मारली. हेरातचे कवी आणि सूफी मौलाना जामी यांना त्याने दख्खनमध्ये येण्याचा आग्रह केला. जामींनी पत्रव्यवहार आनंदाने ठेवला, प्रवास मात्र टाळला. शिराझचे तत्त्वज्ञ जलालुद्दीन दव्वानी यांनीही आपला एक ग्रंथ गावानच्या नावे अर्पण केला आणि स्वतः इराणातच राहिले. मोठी नावे आली नाहीत तरी त्यांच्या परंपरेतले लोक येत राहिले. गावान स्वतः पत्रलेखनाच्या शास्त्राचा जाणकार होता. ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा त्या विषयावरचा त्याचा ग्रंथ इराण आणि तुर्कस्तानातही वाचला गेला.

इमारत पुरी झाली ते साल एका कवीने तीन अरबी शब्दांत पकडले. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक असतो आणि अक्षरांची बेरीज करून सन काढायची पद्धत आहे. कवीने निवडलेले शब्द कुराणातले. काबाच्या भिंती उचलताना इब्राहिम आणि इस्माईल यांनी केलेली, ‘हे आमच्याकडून स्वीकार’ अशा अर्थाची ती प्रार्थना. शब्दांची किंमत अनुक्रमे २५३, ५३२ आणि ९१. बेरीज ८७६. हिजरी ८७६ म्हणजे जून १४७१ ते जून १४७२.

आणि या वर्षाचा बहुतेक काळ मदरशाचा मालक बीदरमध्ये नव्हताच, तो कोकणात लढत होता.

संगमेश्वरचे राजे आणि खेळण्याचे, म्हणजे आजच्या विशाळगडाचे, सरदार बहमनींना कधीच पुरते वश झाले नव्हते. गावान बीदरला आला त्याच सुमारास खलफ हसन या सेनापतीची फौज शिर्के या तिथल्या सरदारांनी सह्याद्रीच्या जंगलात गाठून कापून काढली होती. त्या खलफ हसनचा किताबही मलिक-उत-तुज्जार हाच. १४६९ मध्ये गावान त्याच वाटेने निघाला, पण सावधपणे. पावसाळ्यात फौज घाटावर कोल्हापूरच्या बाजूला आणून त्याने छपरे उभारली. खेळणा घेतला, संगमेश्वर घेतले, आणि १ फेब्रुवारी १४७२ रोजी विजयनगरच्या ताब्यातले गोवा बंदर घेतले. हिजरी सन ८७६ च. मदरसा पुरा होणे आणि गोवा पडणे एकाच वर्षातले. होर्मुझहून येणारे घोडे, माणसे आणि माल ज्या किनाऱ्यावर उतरत, तो किनारा आता वजिराच्या मुठीत आला होता.

परत आल्यावरचा प्रसंग फिरिश्त्याने रंगवून सांगितला आहे. सुलतान आठवडाभर वजिराच्या घरी पाहुणा राहिला, राजमातेने त्याला भाऊ म्हटले. सुलतान गेल्यावर गावानने भरजरी कपडे उतरवले, फकिराचा वेश घातला आणि होते नव्हते ते धन विद्वानांत, सय्यदांत वाटून टाकले. ग्रंथ, हत्ती आणि घोडे तेवढे ठेवले. का, असे एकाने विचारले तेव्हा उत्तर आले की ग्रंथ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहेत, आणि हत्ती-घोडे सुलतानाचे.

कौतुकाच्या या बहरात शत्रूही वाढत होते. बहमनी दरबार दोन तटांत फाटलेला होता. एका बाजूला आफाकी, म्हणजे इराण, तुराण, अरबस्तानातून नव्याने आलेले. दुसऱ्या बाजूला दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेले मुसलमान, इथलेच धर्मांतरित आणि त्यांच्या सोबतीला हबशी. खलफ हसनच्या मोडलेल्या फौजेतले परदेशी शिपाई चाकणला आश्रयाला आले, तेव्हा दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून त्यांची कत्तल घडवली होती. गावानने दोन्ही तटांना पदे सारखी वाटायचा प्रयत्न केला. पण निळ्या फरशांनी मढवलेले ते इराणी विद्यालय आफाकींच्या वैभवाची पाटीच होती.

घाव खरा बसला तो राज्यव्यवस्थेच्या फेरमांडणीने. चार तरफांचे, म्हणजे सुभ्यांचे, गावानने आठ केले. दौलताबादमधून जुन्नर वेगळे काढले, वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग केले, गुलबर्ग्यातून विजापूर आणि तेलंगणातून राजमहेंद्री सुटी केली. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे सुलतानाच्या थेट हुकमतीत आणले. जमिनीची मोजणी सुरू केली. ज्यांचे मुलूख निम्मे झाले त्यांच्यात मलिक हसन बहरी हा दख्खनींचा पुढारी होता. मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, लहानपणी विजयनगरच्या स्वारीत पकडला जाऊन मुसलमान झालेला. त्याचाच मुलगा मलिक अहमद पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक ठरला.

कटकऱ्यांनी गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली. त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतानापुढे ठेवले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सुलतानाने वजिराला बोलावले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच सत्तरी ओलांडलेला गावान सांगू शकला. सुलतानाने चौकशी केली नाही. जौहर नावाच्या हबशी गुलामाने त्याचे मुंडके उडवले. त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही देणाऱ्या शब्दांतूनही मग कोणी बेरीज काढली, ८८६.

वजिराच्या घरात घबाड सापडेल या आशेने खजिनदाराला दरडावले गेले. त्याने दिलेला हिशेब फिरिश्त्याने नोंदवला आहे. इराणहून आणलेले ४०,००० लारींचे भांडवल हेच गावानच्या धंद्याचे मूळ. दाभोळच्या बाजारात ओळखीचे असलेले चांदीच्या तारेचे हे नाणे. त्यावरच्या नफ्यातून रोजचा खर्च फक्त १२ लारी, स्वयंपाक मातीच्या भांड्यांत, झोपणे चटईवर. उरलेले दान. गरिबांसाठीच्या कप्प्यात ३०० लारी शिल्लक निघाल्या. पुढच्याच वर्षी मुहम्मदशहा वारला, आणि दहा वर्षांच्या आत अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड हे सुभे स्वतंत्र राज्ये झाले. गावानला बीदरच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ पुरले. त्याच्यावर घुमट नाही, साधा चौथरा आहे.

मदरसा मात्र मालकाच्या मागे दोन शतके टिकला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याला तो अगदी नवा वाटावा इतका शाबूत असल्याचे माहीत होते. तोवर बीदर बरीदशाहीच्या लहानशा राज्याची राजधानी उरली होती. १६१९ मध्ये ती आदिलशाहीत गेली आणि १६५७ मध्ये शाहजादा औरंगजेबाने किल्ला घेतला. त्या वेढ्यात किल्लेदार सिद्दी मर्जानजवळच्या दारूच्या साठ्याने पेट घेतला, त्यात तो भाजला आणि किल्ला पडला. मदरशाचाही काळ ठरली ती दारूच. मोगलांनी इमारतीत घोडदळ उतरवले आणि मिनाराजवळच्या खोल्यांत बंदुकीची दारू भरली. १६९६ मध्ये तिचा स्फोट झाला. वीज पडून झाला, असेही सांगतात. आग्नेयेचा मिनार, मुख्य दरवाजा आणि दक्षिणेकडचा बराच भाग त्यात उडाला.

पुढे बीदर निजामाच्या मुलखात आले. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले. त्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंची मोजमापे घेतली, पडझड थोपवली आणि १९४७ मध्ये शहराच्या इतिहासावर आणि वास्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मदरशाबद्दल आज जे आकडे सांगितले जातात ते बहुतेक त्यांच्या मोजणीतले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा आजच्या कर्नाटकात गेला. मदरसा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. २०१४ मध्ये गुलबर्गा, बीदर, विजापूर आणि हैदराबाद इथल्या सुलतानकालीन वास्तूंचा एकत्रित प्रस्ताव युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत दाखल झाला. तेव्हापासून अभ्यासकांचा ओघ वाढला आहे. त्यांच्यातले अनेकजण आधी पडक्या आग्नेय कोपऱ्यात जातात, कारण तिथे भिंतीचा गाभा उघडा पडला आहे आणि दगड, चुना व फरशी एकमेकांवर कशी बसवली होती ते उघड्या डोळ्यांनी दिसते.